साळिंदराने धुतलेला खड्डा

एका जंगलात रंगाचा कारखाना होता. जंगलात कारखाना कसा, असं विचारू नका, बाळांनो. मोठी माणसंही विचारत नाहीत.

कारखाना अस्वलशेटचा. रंगात थिनर आणि थिनरची वाफ हवेत. शेजारच्या जांभळीवर खारूताईची पिल्लं राहायची. वाफेनं त्यांना घेरी यायची आणि ती फांदीवरून टपाटप पडायची.

साळिंदर जंगलातला सर्वांत शहाणा. निदान त्याचं स्वतःचं तसं मत होतं. त्याने मोठा खड्डा खणला. त्यात कुजका पाला, शेणखत, झाडांच्या साली भरल्या, पाणी शिंपडलं आणि कारखान्याची वाफ खालून आत सोडली.

"यात जंतू असतात, खारूताई. ते थिनरची वाफ खातात."

"अगंबाई! वाफेनं पोट भरतं?"

"भरतं. आणि ढेकरही देत नाहीत."

खरंच, हळूहळू वास गेला. पिल्लं फांदीवर टिकली. साळिंदर छाती काढून हिंडू लागला.

मग निरोप आला, खड्ड्याच्या उद्घाटनाला सिंहमहाराज येणार! खड्डा कधीचाच चालू होता. पण उद्घाटनाआधी काही चालू झालं असं मानायची पद्धत नाही.

साळिंदराची झोप उडाली. महाराज येणार आणि खड्ड्यात कुजका पाला? चारचौघांत शोभा व्हायची! त्याने कंबर कसली. सगळा पाला उकळत्या पाण्याने धुतला, वर बादलीभर फिनेल ओतलं, कडेनं रांगोळी काढली.

"आता एक जंतू सापडला तर नाव बदलीन," तो म्हणाला.

महाराज आले. फीत कापली. समारंभासाठी बंद ठेवलेला कारखाना सुरू झाला. जांभळीवरून एक पिल्लू थेट हारांच्या ढिगात पडलं.

"साळिंदरदादा," खारूताई ओरडली, "तुमचे जंतू कुठे गेले हो?"

साळिंदराने फिनेलच्या रिकाम्या बादलीकडे पाहिलं. मग धडपडत महाराजांच्या पायाशी गेला.

"महाराज, माझ्याएवढा मूर्ख जंगलात नाही! कामाचे होते तेवढे मीच मारले. आधी कारखाना बंद करा."

महाराजांनी दीर्घ श्वास घेतला. "वा! काय फिनेलचा घमघमाट! आणि एवढं करून किती हा विनय!"

त्यांनी साळिंदराला शाल पांघरली. दवंडी पिटली, की राज्यातले सगळे खड्डे असेच धुवावेत.

खारूताई पिल्लांना एकेक करून तोंडात धरून जांभळ सोडून चालली होती. तिला हातभार लावावा म्हणून साळिंदर शाल फेकून धावणार होता. पण शाल त्याच्या काट्यांत अशी रुतली, की काही केल्या निघेना. लोक टाळ्या वाजवत राहिले.

तात्पर्य : जिथे स्वच्छता, तिथे परमेश्वराचा वास. दुसऱ्या कुणाला तिथे राहता येत नाही.