संत जुलियानाची चार बुचं

मिरवणुकीला दोन तास उरले होते आणि संत जुलियाना डुगडुगत होती. जेम्माने चौथऱ्याच्या पायांखाली पुठ्ठा घालून पाहिला, लाकडाची ढलपी घालून पाहिली, पण मूर्ती काही सरळ उभी राहायला तयार नव्हती.

मूर्ती सजवायचा मान गेली तीस वर्षं ओत्तावियाबाईंचा. यंदा त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला म्हणून तो जेम्माकडे आला होता. ओत्तावियाबाई पुढच्या बाकावर बसून लक्ष ठेवत होत्या.

"माझ्या वेळी नव्हती हो हलत," त्या म्हणाल्या.

"गेल्या वर्षी हिचं नाक कुणाच्या वेळी फुटलं?" असं जेम्मा मनात म्हणाली आणि रबर शोधायला घरी पळाली.

रबर मिळालं ते फ्रीझरमध्ये, मटारच्या पिशवीखाली, डबीत घालून ठेवलेलं. बोटाच्या पेराएवढी चार लाल बुचं. बर्फात बुचं कोण ठेवतं? तिचा नवरा ठेवतो. तुलिओचा चष्मासुद्धा एकदा तिथेच सापडला होता. चार बुचं चार पायांना अशी चपखल बसली की जुलियाना खांबासारखी उभी राहिली. जेम्माने हात जोडले आणि दरवर्षीचं मागणं मागितलं, "एकदा तरी त्याला आत आण गं बाई."

कारण तुलिओ लग्नानंतर चर्चच्या आत आला होता तो फक्त मयतांना. मिस्सा, म्हणजे आतली प्रार्थना, चालू असताना तो इतर पुरुषांबरोबर बाहेर चौकात उभा राहून सफरचंदांच्या गप्पा मारायचा. त्याची भक्ती एकाच गोष्टीवर होती, सापळ्यावर. सफरचंदात अळी घालणारे पतंग त्याच्या सापळ्यात किती अडकले हे दर सोमवारी तो जाहीर करायचा, आणि त्यावरून सगळं गाव फवारणीचा दिवस ठरवायचं. सापळ्यात मादीच्या गंधात भिजवलेलं रबरी बूच असतं. गंध एकदम उडून जात नाही, सहा आठवडे थोडा थोडा झिरपत राहतो, आणि नर बिचारे नवरी भेटेल म्हणून येतात.

त्या संध्याकाळी सापळ्यातलं जुनं बूच बदलायला त्याने, गंध टिकावा म्हणून नवी बुचं जिथे ठेवायचा तो फ्रीझर उघडला, तर मटार होते, बुचं नव्हती. नवी मागवायची तर दोन आठवडे जाणार. डोकं खाजवत तो बागेत आला, तेव्हा सफरचंदांच्या रांगांमधून मिरवणूक येत होती. ऊन कलत होतं. जुलियानाच्या पायाशी आधी एक करडा पतंग आला, मग दहा, मग मोजता येईनात. चौथऱ्याखालची लाल बुचं तुलिओने लगेच ओळखली.

"अगं, ही तर आपली कीड!" ओत्तावियाबाई ओरडल्या. "शरण आली! जुलियानाला शरण आली!"

बाया रडू लागल्या, पुरुषांनी टोप्या काढल्या. "मग यंदा फवारणी कशाला?" कुणीतरी म्हणालं, आणि अर्ध्या गावाने मान डोलावली. जेम्माचा चेहरा असा उजळला होता, की तोंडाशी आलेलं वाक्य तुलिओने गिळलं. पण फवारणी चुकली तर सगळ्या गावाची फळं अळीच्या घशात जाणार होती.

मिरवणूक परतल्यावर त्याने फादर अन्सेल्मोंना दारातच गाठलं आणि सगळं ओकून टाकलं.

फादरनी मूर्तीच्या झग्यावर फडफडणारे पतंग न्याहाळले. "सगळे नरच?"

"सगळे."

"बावीस वर्षं घंटा वाजवतोय रे. पुरुषमाणसं आपणहून आत आलेली आज बघतोय." त्यांना हसू आवरेना. "चमत्कार हा शब्द मी काढलेला नाही, काढणारही नाही. फवारणी करा, हेही मीच सांगेन. फक्त दिवस तू सांग."

"सांगू कसा? पतंग मोजायची बुचं तुमच्या जुलियानाखाली. काढली तर ती पुन्हा डुगडुगणार, आणि ओत्तावियाबाई माझ्या जेम्माला जगू देणार नाहीत."

"मग इथेच मोज. दार उघडंच असतं. पतंग कधी येतात?"

"रोज संध्याकाळी, सातनंतर."

"मिस्साही सातलाच असते," फादर अगदी निरागसपणे म्हणाले.

दुसऱ्या संध्याकाळी जेम्मा चर्चमध्ये शिरली आणि दारातच थबकली. पहिल्या बाकावर तिचा नवरा बसला होता. दाढी केलेली, टोपी मांडीवर, नजर जुलियानावर खिळलेली, ओठ हलत असलेले.

"माळ जपतोय गं!" ओत्तावियाबाई कुजबुजल्या, आणि त्यांचा आवाज चक्क ओलावला. "तीस वर्षं सजवली मी हिला. माझ्या म्हाताऱ्याला नाही आणलंन् कधी आत."

जेम्मा हळूच जाऊन त्याच्या शेजारी बसली आणि तिने डोळे पुसले. तुलिओने तिच्याकडे पाहिलं, थोडा अवघडला, आणि मोजणी चुकू नये म्हणून पुटपुटला, "एकेचाळीस."

"आमेन," जेम्मा म्हणाली.