बटाट्या आणि सरकारी कलिंगड

एका जंगलात रस्ता नव्हता, पाण्याची बोंब होती, पण विमानतळ मात्र झाला होता. जंगलं अशीच असतात, मुलांनो.

तिथं गोदाकाकू नावाच्या एक अस्वलीणबाई राहायच्या. त्यांनी कुत्रा पाळला होता. अस्वल कशाला कुत्रा पाळेल, असं विचारू नका. तुमच्या वरच्या मजल्यावरचे कशाला पाळतात, हे विचारलंत कधी? कुत्र्याचं नाव बटाट्या. तो वाघावरही भुंकायचा, पण अंधाराला भयंकर भ्यायचा.

काकूंची लेक डोंगरापलीकडे होती. ती म्हणाली, "आई, आता एकटी राहू नकोस. इकडेच ये कायमची."

काकूंनी विमानाचं तिकीट काढलं. पण नियम होता. कलिंगडापेक्षा हलका कुत्रा मालकाच्या मांडीवर. जड कुत्रा पिंजऱ्यात, खाली सामानाच्या अंधारात.

बटाट्या अंमळ जड होता. काकूंनी त्याची साय बंद केली. रोज टेकडी चढवली. त्याला एकट्याला वाईट वाटू नये म्हणून स्वतःही चढल्या. निघायच्या दिवशी सकाळी तो कलिंगडापेक्षा जेमतेम हलका भरला. काकूंना रडूच आलं.

मग निरोप द्यायला जंगल लोटलं. प्रत्येकाच्या हातात दही-साखरेची वाटी. प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर दही घालायची रीतच आहे. काकूंचं पोट लगेच भरलं, पण दह्याला नाही म्हणणं म्हणजे अपशकुन.

"प्रवासाला तोही निघालाय ना?" हत्तीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी पातेलंच बटाट्यापुढे सरकवलं. बटाट्याने कुणाचंही मन मोडलं नाही.

विमानतळावर तराजू होता. एका पारड्यात सरकारी कलिंगड. दुसऱ्यात बटाट्या बसला आणि पारडं धपकन खाली गेलं.

"पिंजरा," एका पायावर उभे असलेले बगळेसाहेब म्हणाले.

"अहो, ते नुसतं दही आहे. वाटेत जिरेल."

"नियमात जिरण्याची सोय नाही, काकू."

"मग दुसरं कलिंगड आणा ना. जरा थोरलं."

"मंजूर एकच झालंय."

पिंजरा बघून बटाट्या थरथरायला लागला. काकूंनी त्याला पोटाशी धरलं. त्यांनी डोकं खाजवलं.

"साहेब, प्रवाशाला वजनाची अट आहे?"

"प्रवाशाला कसली अट? मघाशीच दोन गेंडे चढले."

"मग तिकीट याच्या नावावर करा. मी याचं पाळीव अस्वल."

बगळेसाहेबांनी दुसरा पाय खाली टेकला. सगळे नियम आठवून पाहिले. अस्वल पाळू नये, असं कुत्र्याला कुणीच सांगितलेलं नव्हतं.

काकू अंग चोरून पिंजऱ्यात शिरल्या. जन्म गुहेतला, त्यांना अंधाराचं काय? त्या घोरायलाच लागल्या. वर बटाट्या खिडकीशी बसला. मैना हवाईसुंदरी अदबीने म्हणाली, "सर, ढग बघताना जीभ आत ठेवाल का?"

विमान उतरलं. लेक धावत आली. समोरून बटाट्या येत होता, तोंडात पट्टा धरून. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला काकू.

"आई! हे काय?"

"हळू बोल गं," काकू म्हणाल्या. "साहेबांनी बजावलंय, अस्वलाने आवाज केला तर मालकाला दंड होतो."

त्यांच्या चेहऱ्यावरून आनंद नुसता ओसंडत होता. बटाट्याने पट्ट्याला एक हिसका दिला आणि त्या मुकाट्याने मागे चालू लागल्या.

तात्पर्य : मालक कोण, हे तिकिटावरून ठरतं. ज्याला माया जास्त, त्याने निदान पिंजरा तरी ऐसपैस मागून घ्यावा.