रूबेन सरांची मोजणी

रूबेन सर माणसं मोजतात ती नाकारून मोजतात. औंढ्याला जाणाऱ्या जीपमध्ये चढले की आधी सगळ्यांवरून बोट फिरवतात, "एक न्हाई, दोन न्हाई, तीन न्हाई..." नवा ड्रायव्हर बिचकतो. त्याला वाटतं, कुठल्या तरी ऑफिसचा साहेब आपली सीटं रद्द करतोय. जुने ड्रायव्हर मात्र सरांच्या मोजणीवरच गाडी सोडतात.

"सर, किती झाले?"

"अकरा न्हाई."

"मग अजून दोघं बसतील."

जितीजागती माणसं सरळ मोजू नयेत, दृष्ट लागते, असा त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला रिवाज. सर ज्यू आहेत. वडील कोकणातून आमच्या जवळा बाजारच्या जिनिंगमध्ये मिस्त्री म्हणून आले आणि इथलेच झाले. त्यामुळं आडनाव कोकणातल्या गावाचं आणि बोली आमच्या आठवडी बाजारातली. पुढं सरांनी हिंगोलीच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं, जाडजाड पुस्तकं लिहिली. पुण्याकडचे लोक त्यांना विचारवंत म्हणतात. आमच्याकडं चहा गार होईपर्यंत बोलणाऱ्या कोणालाही विचारवंत म्हणतात, तेव्हा त्याही हिशेबानं ते बसतात.

शनिवारी सर काडी ओढत नाहीत, बटण दाबत नाहीत, ओसरीवर नुसते बसून असतात. शनिवार इतका कडक पाळतात म्हटल्यावर गावानं ठरवून टाकलं की सर मारुतीचे भक्त आहेत. दर शुक्रवारी कुणी ना कुणी त्यांच्या उंबऱ्यावर तेलाची वाटी ठेवून जातं, उद्या देवाला घाला म्हणून. यात माझी आई सगळ्यांत पुढं. सरांनी हा गैरसमज कधी दूर केला नाही. शुक्रवारी दिवस मावळताना त्यांच्या घरी शब्बाथचा, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीचा, दिवा लागतो, त्यात ते हे तेल घालतात. मी शेजारी, मला माहीत. एकदा न राहवून विचारलं, "सर, मारुतीचं तेल तुमच्या देवाला चालतं का?"

"वर गेल्यावर विचारून घेऊ," सर म्हणाले.

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. कुठं अडलं की हे बाहेर येतं. माझं बी-बियाण्याचं दुकान आहे आणि सरांची बैठक तिथंच. गिऱ्हाईक विचारतं, "सर, हे सोयाबीन बराबर उगवंल का?" सर आभाळाकडं बोट करतात, "वर गेल्यावर विचारून घेऊ." गिऱ्हाईक पिशवी खाली ठेवून पलीकडच्या दुकानात जातं. इतकं शिकलेला माणूस धंद्याच्या शेजारी बसवू नये, हे मी अनुभवानं सांगतो.

गेल्या वर्षी सरांच्या पत्नी एस्थरकाकू गेल्या आणि सरांचं हे वाक्य बंद पडलं. दुकानात यायचे, बसायचे, उठून जायचे. त्यांचा मुलगा इस्रायलला असतो. तो कायमचं तिकडं बोलावत होता. कागदपत्रं झाली होती, फक्त व्हिसा यायचा होता.

त्याच दिवसांत हिंगोलीहून एक तरुण पत्रकार मुलाखतीला आला. माझ्याच दुकानात बसला. म्हणाला, "सर, बालपणी आपल्यावर कोणत्या विचारवंतांचा प्रभाव पडला?"

"नऊ जनांचा."

पोरानं पेन सरसावलं. "नावं सांगाल?"

"गणपत कुंभार. तांड्याचे रामा नाईक. हाटेलवाला हुसेन. अन् ह्या गजाननचा आजा," म्हणत सरांनी माझ्याकडं बोट केलं.

पोरानं पेन खाली ठेवलं. सर मात्र रंगात आले होते.

"सात वर्सांचा होतो, तवा माय गेली. आमच्यात मेलेल्या मानसासाठी प्रार्थना म्हणायची तर धा ज्यू पुरुष बसावं लागतेत. जवळ्यात आमी दोघं. त्यात मी लेकरू, मला धरत न्हाईत. बाप ओसरीत उभा. ह्याचा आजा आला, म्हणला, मिस्त्री, काहून थांबून राहिले? बापानं सांगितलं. आजा बाजारात गेला अन् आठ जन घेऊन आला. डोकं झाकावं लागतं म्हणून कोनाला पटका, कोनाला टोपी, ज्याच्यापाशी काही न्हाई त्यानं पोतं घेतलं डोक्यावर. बापानं मोजलं, एक न्हाई, दोन न्हाई, अन् म्हणली प्रार्थना. भाषा कोनाला कळली न्हाई, पर हललं बी कोनी न्हाई. मी मागून विचारलं, बाबा, असं चालतं का? तर म्हणला, वर गेल्यावर विचारून घेऊ. आता मानसं येऊन बसलीत, त्येंना ताटकळत ठेवू नये."

सर पुढं म्हणाले, "मग मी जन्मभर तेच वाचत राहिलो, चालतं का म्हणून. बापाच्या पुढं काही गेलो न्हाई."

पत्रकार गेल्यावर ते मला म्हणाले, "पुढच्या आठवड्यात तिला वर्ष होतंय. तिकडं धा मानसं कवाबी मिळतेत. हितं ते नऊ कवाच गेले. एकटा मी काय म्हनू?"

त्या नऊ जणांची नातवंडं अजून गावात होती. मी घरोघर फिरलो.

काकूंना वर्ष झालं त्या संध्याकाळी सरांच्या ओसरीत सतरंजी टाकली. हुसेनचा नातू जाळीची टोपी घालून आला, नाईकांचा नातू मोटारसायकलचं हेल्मेट घालूनच बसला. पण कुंभाराच्या नातवाची जीप औंढ्याजवळ बंद पडली होती. एक माणूस कमी. दिवस कलला. सर दाराशी उभे, अगदी त्यांच्या वडिलांसारखे.

तेवढ्यात आई ताट घेऊन आली. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं. हा मलिदा तिला एस्थरकाकूंनीच शिकवला होता. तिनं ताट ठेवलं, डोक्यावर पदर घेतला आणि आमच्या रांगेत येऊन बसली.

"आई, बायांना धरत न्हाईत," मी हळूच म्हणालो.

"वर गेल्यावर मी इचारून घेते तिलाच. म्हना भाऊ तुमी."

सर तिच्याकडं बघत राहिले. मग बोट फिरवू लागले. "सात न्हाई, आठ न्हाई..." आईपाशी बोट आलं. "नऊ न्हाई." शेवटी स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि प्रार्थना सुरू केली. आम्हाला एक अक्षर कळलं नाही. हेल्मेटसुद्धा हललं नाही.

मलिदा खात असताना मुलाचा फोन आला, व्हिसा आला म्हणून. सरांनी डोळे पुसले.

"येतो ना लेकरा, तुला पाहायला येतो," ते म्हणाले. "पर परतीचं तिकीट काढून ठेव. पुढच्या साली बी मानसं येऊन बसतील. त्येंना ताटकळत ठेवू नये."