मुख्य प्रशिक्षक घरी असतात

काढून टाकलेल्या नवऱ्याला त्याच नोकरीवर मानाने परत पाठवायचं, आणि तेही त्याला पत्ता लागू न देता, हे काम मी एका फोनमध्ये करून दाखवणार होते. हसू नका. मी दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसते. आतून किंकाळ्या येत असताना "अजिबात दुखणार नाही" असं पुढच्या पेशंटला सांगते, आणि त्याला ते पटतं. असल्या बाईला एक अफवा उठवणं काय कठीण?

आमचे हे गावातल्या फुटबॉल क्लबचे मुख्य प्रशिक्षक होते. परवापरवापर्यंत होते. संघ गुणतक्त्यात तळाला होता, ते मी नाकारत नाही. पण क्लबचे मालक कोण, तर गाद्यांचे कारखानदार. संघातला एकमेव धड बचावपटू त्यांनी विकून टाकला आणि मैदानाभोवती स्वतःच्या गाद्यांच्या पाट्या लावल्या. आपला संघ मैदानात झोपतो तो मालकांची जाहिरात म्हणून, असं लोक उघड बोलायचे. शेवटी एका पराभवानंतर मालकांनी ह्यांना केबिनमध्ये बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही आता विश्रांती घ्या."

काढलं म्हणून मला राग आला नव्हता. त्या धंद्यात काढतातच. राग आला तो निरोपाच्या भेटीचा. इतकी वर्षं राबलेल्या माणसाला त्यांनी एक उशी दिली. मानेच्या दुखण्यावरची. आणि आमचे हे ती बगलेत मारून, आभार मानून घरी आले. मी ती माळ्यावर फेकली.

पण खरा छळ पुढेच होता. ह्यांना घरी बसायची सवय नाही आणि समोर संघ नसेल तर बोलायचं थांबायचीही सवय नाही. मी गॅसपाशी उभी राहिले की पाठीमागून आवाज यायचा, "मागे बघ, मागे बघ." मागे काय असायचं? फ्रिज. भांडी घासताना म्हणायचे, "जागा सोडू नकोस." जेवायला बसलं की टेबलावर संघ उतरायचा. मिठाची बरणी म्हणजे डावा बचावपटू. ती चमच्याने पुढे ढकलायची आणि रोज तोच पाठ. "हा पुढे धावतो. मग ह्याच्यामागची जागा कोण भरणार? मधल्या फळीतल्या माणसाने आधीच मागे यायला हवं. येतो का? नाही येत." मी मिठाला हात लावला तर ओरडायचे, "ठेव ती, तो चेंडूकडे बघतोय." अळणी जेवून जेवून माझं डोकं फिरायची पाळी आली. एके दिवशी दवाखान्यात गाल धरून आलेल्या एका गृहस्थांना मी म्हणाले, "डावी बाजू मोकळी पडलीय वाटतं." ते घाबरून निघून गेले आणि डॉक्टरांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं.

त्याच दिवशी मी माझ्या धाकट्या भावाला फोन लावला. घरात त्याला टिल्लू म्हणतात, जरी आता तो दारातून आडवा होऊन आत येतो. तो एका सायंदैनिकात क्रीडा वार्ताहर आहे. म्हणजे होता. सांगते.

"टिल्लू, बातमी लिही," मी म्हणाले. "शेजारच्या शहरातल्या मोठ्या क्लबची तुझ्या भावोजींवर नजर आहे."

"खरंच आहे?"

"नाही. पण आमच्या गादीवाल्याला तसं वाटलं पाहिजे. दुसऱ्याने मागितल्याशिवाय त्याला आपल्या वस्तूची किंमत कळत नाही."

टिल्लू बराच वेळ काहीतरी चावत राहिला. मग म्हणाला, "ताई, तक्त्यात पहिला असलेला क्लब तळाच्या संघाचा काढलेला माणूस कशाला नेईल? काहीतरी कारण तर द्यावं लागेल."

कारण? कारण तर मला तोंडपाठ होतं. दवाखान्याच्या मागच्या जिन्यात उभी राहून मी त्याला डावी बाजू, मोकळी जागा, मधल्या फळीतला माणूस, सगळं घडाघडा सांगितलं. "हे सगळं तुझे भावोजी केव्हापासून सांगतायत आणि मालक ऐकत नव्हते, असं लिही," हेही बजावलं.

दुसऱ्या दिवशी बातमी छापून आली. मोठ्या क्लबचा आणि ह्यांचा उल्लेख सुरुवातीच्या चार ओळींत. खाली सगळं पान डाव्या बाजूचं विश्लेषण. त्यात भावोजींचं नाव कुठेही नाही. वर टिल्लूचा फोटो, हनुवटीला बोट लावलेला.

मी संतापून फोन केला तर म्हणतो, "संपादकांनी कापलं गं." त्याच्या फोटोतला एक केसही कोणी कापला नव्हता.

मी तो अंक लपवणार होते, पण ह्यांनी तो खाली पेपरवाल्याकडेच वाचला. वर आले ते वेगळेच होऊन. दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला. आवाज खाली आणला, जसा बँकेच्या साहेबांचा असतो. फोन खिशात, न्हाणीघरात जाताना हातात. जेवताना मध्येच म्हणाले, "त्या शहरात हवा दमट आहे म्हणतात. तुला सोसेल ना?"

मी त्यांच्या ताटात न मागता आणखी भात वाढला.

"आणि टिल्लूला इतकं कळतं हे मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "अगदी माझ्यासारखा विचार करतो पोरगा."

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण कितीतरी आठवड्यांनी तो माणूस ताठ बसून जेवत होता. माझ्याने बोलवेना.

मग सगळं हाताबाहेर गेलं. एका कॉलेजचा फोन आला, आमच्या संघाला शिकवाल का म्हणून. ह्यांनी त्या दमट हवेतल्या आवाजात सांगितलं, "सध्या माझी दुसरीकडे बोलणी चालू आहेत," आणि ठेवून दिला.

"अहो, कॉलेज काय वाईट होतं?" मी म्हणाले.

"अगं, एकदा खाली उतरलं की वर कोणी बोलावत नाही."

रेडिओवाल्यांनी बातमी उचलली. मोठ्या क्लबने खुलासा काढला की आम्ही या गृहस्थांना ओळखतही नाही. मला वाटलं, चला, सुटले. पण ह्यांनी मान डोलावली. "नाकारतायत. म्हणजे नक्की ठरलंय." कालपर्यंत रस्त्यात ह्यांना शिव्या घालणारा केशकर्तनालयवाला आता जाता-येता उठून उभा राहायला लागला. माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती आणि वरून मी सगळ्यांकडे बघून हसत होते.

तिकडे टिल्लूच्या मागे संपादक लागले, की ही बातमी तुला कोणी दिली ते सांग. टिल्लूने फोन बंद केला आणि रविवारी सकाळी बॅग घेऊन आमच्याकडे लपायला आला. ह्यांना सांगितलं की घरी रंगकाम चालू आहे. आतल्या खोलीत बसून तो आमची बिस्किटं संपवत होता, तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

दारात मालक. स्वतः. घामाघूम, कारण आमच्या इमारतीची लिफ्ट बंद होती.

खरं सांगते, त्या क्षणी मला माझाच अभिमान वाटला. आला की नाही जिना चढून? मी चांगले कप काढले. आमचे हे खुर्चीत पाय पायावर टाकून बसले.

"तुमचं मोठं काम होतंय, वाचलं," मालक कपाळ पुसत म्हणाले. "फार बरं वाटलं. तुम्हाला काढलं ते मनाला लागून राहिलं होतं हो. बातमी वाचली आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट झोपलो."

"चालायचंच," हे म्हणाले. मग जरा थांबून, खिडकीकडे बघत, "सही अजून झालेली नाही म्हणा. तुमच्या मनात काही असेल तर मोकळेपणाने बोला."

मी स्वयंपाकघराच्या दारात ट्रे घेऊन उभी.

"मनात आहे म्हणून तर आलो," मालक पुढे सरकले. "मुख्य प्रशिक्षक काही मिळेना. किती जणांशी बोललो. एक म्हणतो खेळाडू बदला, एक म्हणतो मैदान बदला, एकाने तर मलाच बदलायला सांगितलं. रोग कोणालाच सापडेना. आणि मग तो लेख वाचला. डावी बाजू! माझे तर डोळेच उघडले."

आमच्या ह्यांचा चेहरा फुलला. "मी तर हे तुम्हाला..."

"तुमच्या मेहुण्यांचा फोन लागत नाही," मालक म्हणाले. "त्यांचा पत्ता द्या. मला संघ त्यांच्या हातात द्यायचाय."

ह्यांचा पायावरचा पाय खाली आला. आणि आतल्या खोलीचं दार उघडलं. सकाळपासून भीतीने खिडकीशीही न गेलेला माझा भाऊ शर्ट खोचत बाहेर आला आणि म्हणाला, "मला कोणी बोलावलं का?"

मग माझा तोल गेला. दवाखान्यात कमावलेला तो शांत चेहरा कुठल्या कुठे गेला. मी ट्रे आपटला. "ह्याला? ह्याला मैदानात पाठवणार? ह्याला आमचे दोन मजले चढताना मध्ये बसावं लागतं! तो लेख मी सांगितला. आणि मी सांगितला तो ह्यांचं ऐकून. एकेक अक्षर ह्या माणसाचं आहे, ज्याला तुम्ही उशी देऊन घालवलंत. मोठा क्लब नाही, बोलणी नाहीत, काही नाही. सगळं मी रचलं, तुम्हाला अक्कल यावी म्हणून. टिल्लू, सांग त्यांना."

टिल्लूने छताकडे बघितलं. "ताई," तो हळूच म्हणाला, "लेखाखाली नाव तर माझंच आहे ना."

माझा सख्खा भाऊ. त्याला मी सायकल शिकवली होती.

मालक उठले. "बाई, मी कोणाच्या घरच्या भांडणात पडत नाही," ते म्हणाले, आणि टिल्लूला घेऊन गेले. जिन्यात टिल्लू त्यांना सांगत होता, "मुळात माझा फुटबॉलकडे बघण्याचा दृष्टिकोनच वेगळा आहे."

मला ह्यांच्याकडे बघवेना.

"म्हणजे मोठ्या क्लबचं ते..." हे म्हणाले.

"मीच."

ते टेबलाच्या कडेवरून बोट फिरवायला लागले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मीही ओरडले असते, माझ्याकडे अजून बराच राग शिल्लक होता. पण ते म्हणाले, "मधल्या फळीतला माणूस मागे कधी यायचा?"

"काय?"

"कधी यायचा? सांग ना."

"चेंडू पलीकडच्या बाजूला असतानाच," मी चिडून म्हणाले. "अलीकडे आल्यावर येऊन काय उपयोग? तोवर जागा गेलेली असते."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "सबंध मोसम घसा कोरडा करून सांगितलं त्यांना. एकालाही कळलं नाही." मग त्यांनी मालकांनी न पिता ठेवलेला चहा उचलला आणि पिऊन टाकला. त्यानंतर त्या विषयावर ते मला एक शब्दही बोलले नाहीत. मी मात्र स्वतःला आणि भावाला खूप बोलले, मनातल्या मनात आणि न्हाणीघरात मोठ्याने.

टिल्लूने नोकरी सोडली आणि मुख्य प्रशिक्षक झाला. तो निघताना संपादकांनी त्याला सांगितलं म्हणे, की परत येऊ नकोस. लगेच त्याचे फोन सुरू झाले. "भावोजी, सरावाला आधी पळवायचं की आधी चेंडू द्यायचा?" हे फोन कट करायचे. मी म्हणायचे, शाबास. मग एक दिवस टिल्लूने विचारलं की गोलरक्षकाला पण पळवायचं का, आणि ह्यांच्याने राहवलं नाही. तासभर बोलले. पहिल्या सामन्याची सगळी आखणी ह्यांनी फोनवर करून दिली. रागाने माझा जीव जात होता, तरी सामना बघायला मीही गेले.

आखणी उत्तम होती. फक्त टिल्लू सामन्याआधी मैदानाच्या काठावर स्वतःच्या संघाकडे तोंड करून उभा राहिला, आणि त्याने 'डावी' म्हणून दाखवली ती स्वतःची डावी. खेळाडूंनी बिचाऱ्यांनी तसंच केलं. सबंध संघ उजवीकडे गर्दी करून उभा राहिला आणि डावीकडून समोरचे लोक बागेत फिरायला यावं तसे येत राहिले. गोल किती झाले ते विचारू नका. शेवटी शेवटी तर फलक बदलणारा माणूसच उठून घरी गेला.

सामना संपायच्या आत मालकांनी टिल्लूला काढलं. सायंदैनिकाने सांगितल्याप्रमाणे परत घेतलं नाही. कॉलेजलाही मी लाज सोडून स्वतः फोन केला, पण त्यांना दुसरं कोणी मिळालं होतं.

आता टिल्लू तीच बॅग घेऊन आमच्याकडे राहायला आलाय. मेहुण्या-मेहुण्यांची पुन्हा गट्टी जमली आहे, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो. मी एकटी चिडलेली. सकाळी मी कामावर निघते तेव्हा दोघं गॅलरीत उभे राहून मला सांगतात की रस्ता कसा ओलांडायचा. एक म्हणतो थांब, दुसरा म्हणतो पळ.

क्लब पुन्हा नवा मुख्य प्रशिक्षक शोधतोय असं ऐकलं. तो क्लब जाऊ दे. तुमच्या माहितीत दुसरा एखादा असेल तर कळवा. माझ्याकडे अनुभवी दोन आहेत. मात्र जोडीनेच न्यावे लागतील. सुटे देत नाही.