मधुने पाळलेला कोरडा दिवस

गेल्या वर्षी अंतराला डेंग्यू झाला, प्लेटलेट्स बावीस हजारांवर आल्या, आणि तेव्हापासून मधुने डासांशी उभा दावा मांडला. लेक आठवड्याभरात खडखडीत बरी झाली. बाप काही झाला नाही.

यंदा आरोग्य केंद्राचं पत्रक घरी आलं. आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा, साठवलेलं पाणी ओतून भांडी घासून वाळवा. मधु खोपट भागातल्या एका चार मजली सोसायटीचा सेक्रेटरी (दुसरं कोणी उभंच राहिलं नव्हतं). त्याने तत्काळ ग्रुपवर टाकलं : 'रविवारी संपूर्ण सोसायटीत ड्राय डे. कोणालाही सवलत नाही.'

पाचव्या मिनिटाला तिसऱ्या मजल्यावरचे पोपटराव दारात.

"मधु, माझ्या घरात मी काय प्यायचं ते तू ठरवणार?"

"अहो, फक्त पाणी ठेवायचं नाही."

"पाणी नाही? म्हणजे नुसतीच घ्यायची?"

"पोपटराव, हे डासांसाठी आहे!"

"डासपण घेतात?"

आतून मधुच्या बायकोचं, उत्तराचं, हसू ऐकू आलं.

रविवारी सकाळी सातला मधु गच्चीवर गेला. पत्रकात भांडी म्हटलं होतं. टाकी म्हणजे मोठं भांडंच, असं समजून त्याने ती पूर्ण रिकामी केली, आत उतरून खराट्याने घासली आणि विजयी मुद्रेने खाली आला.

"उत्तरा, पाणी आलं की पंप लाव."

"कुठलं पाणी? आज शटडाउन आहे. उद्या सकाळपर्यंत."

"मला कसं कळलं नाही?"

"परवा मेसेज आलेला. तुमच्या ड्राय डेवर सगळे भांडत होते, त्यात वर गेला."

तळटाकीत जेमतेम दोन बोटं पाणी. तासाभरात सोळा घरं बादल्या घेऊन जिन्यात उभी, आणि सगळ्यांच्या नजरा एकट्या मधुवर. तेवढ्यात पोपटरावांना दया आली.

"चल, माझ्या गॅलरीत ड्रम आहे. अडीअडचणीला भरून ठेवलाय. दिवाळीपासून हात लावला नाही बघ."

मधु तडक त्यांच्या गॅलरीत गेला. ड्रमवरचं अर्धवट लागलेलं झाकण काढलं, मोबाईलचा उजेड टाकला. पाण्यात बारीक बारीक अळ्या वळवळत होत्या.

पोपटराव स्टुलावर बसले. गॅलरीला लागूनच समृद्धीची, त्यांच्या सुनेची खोली. तिला सातवा महिना.

"पोर रोज इथेच झोपते रे," ते हळूच म्हणाले.

टोमणा मारायची एवढी नामी संधी मधुने आयुष्यात पहिल्यांदा सोडली. दोघांनी मिळून ड्रम अंगणातल्या कोरड्या मातीत ओतला. मग घरोघरी झाकणं उघडली गेली. अळ्यांचे आणखी चार ड्रम निघाले. ते ओतून, घासून संध्याकाळपर्यंत गच्चीवर उन्हात पालथे पडले. पिण्यापुरतं पाणी शेजारच्या सोसायटीने दिलं (मधुने हात जोडून मागितल्यावर).

सोमवारी नळाला पाणी आलं, आणि आरोग्य केंद्राची संचिता टॉर्च घेऊन आली. तिने समृद्धीची चौकशी केली. ताप नव्हता, तरी रक्त तपासायला घेतलं, मच्छरदाणी लावायला सांगितली. बुधवारी रिपोर्ट आला : सगळं ठीक. पोपटरावांनी सगळ्या जिन्याला पेढे वाटले.

त्या सोमवारीच संचिताने सोळाही घरं पाहिली आणि शेवटी ती गच्चीवर आली. "वॉर्डात एवढी कोरडी बिल्डिंग नाही बघितली! फक्त काका, टाकी अशी रिकामी करायची नसते हां. झाकण घट्ट बसवलं की झालं." मग मोबाईल काढून म्हणाली, "इतरांना दाखवायला एक फोटो घेते."

मधु धावत घरी गेला. इस्त्रीचा शर्ट चढवला, भांग पाडला आणि पालथ्या ड्रमांपुढे छाती काढून उभा राहिला.

संचिताने मोबाईल आडवा केला, उभा केला.

"काका, जरा बाजूला व्हा ना," ती म्हणाली. "ड्रम झाकले जातायत."