हिलाल नानांचं बेमोसमी वांगं

हिलाल नाना कुणाच्याही घरी गेले की आधी फ्रिज उघडतात. राम राम, चहापाणी, पोरांची चौकशी हे सगळं नंतर. एकेक पिशवी बाहेर काढतात, नाकाशी नेतात आणि माझ्याकडे वळून विचारतात, "भाऊ, हाई कोणता महिनानं शे?"

म्हणजे ही भाजी कोणत्या महिन्यातली? मी विमा कचेरीतला कारकून. मला हप्त्याचे महिने कळतात, भाजीचे नाही. मी आपला अंदाजाने एखादा महिना ठोकून देतो आणि तो हमखास चुकतो. मग नाना फ्रिजचं दार लावतात आणि "मढं ठेवानी पेटी शे ही" असं म्हणून चहाला बसतात.

धुळ्यात आमच्या कॉलनीच्या शेवटच्या घरात नाना एकटेच राहतात. नानी गेल्या, मुलगी छाया लग्न होऊन सुरतेला गेली. साक्री रोडला शहराबाहेर त्यांचं थोडं रान आहे. तिथे शेणखत आणि शेण-गोमूत्र-गूळ-बेसनाचं जीवामृत सोडून दुसरं काही पडत नाही. रोज सकाळी धोतराचा काचा मारून सायकलवर भाजी आणतात आणि दारोदार देतात. अट एकच, "आज तोडेल आज खावानं." वांग्यात अळी निघाली म्हणून बायकोने एकदा तक्रार केली, तर नाना खूश झाले. म्हणाले, "जे अळीले चालस, ते आपले चालस."

आता माणसाने हे ऐकून घ्यावं आणि गप्प बसावं. पण मला जोर चढला. मी गच्चीवर सेंद्रिय शेती करायचं ठरवलं. नानांकडून कॅनभर जीवामृत आणलं आणि वास नको म्हणून झाकण करकचून लावून जिन्यात ठेवलं. ते आतल्या आत फसफसत राहिलं आणि रविवारी दुपारी कॅन फुटला. खालच्या मजल्यावरचे जोशी त्या वेळी नेमके इस्त्रीचे कपडे घेऊन वर येत होते. त्यानंतर जोशी माझ्याशी फक्त कामापुरतं बोलतात. गच्चीवर शेवटी एक टोमॅटो आला. मी त्याचे फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवले आणि दुसऱ्या दिवशी तो साळुंकीने खाल्ला. नाना म्हणाले, "ती तरी ताजं खाई गई!"

माझ्या मेहुण्याच्या लग्नात तर कहर झाला. ऐन उन्हाळ्यातलं लग्न, पंगतीत फ्लॉवर-मटारची भाजी. नाना वाढप्याला थांबवून सगळ्यांना ऐकू जाईल असा तोच प्रश्न विचारते झाले आणि ताट बाजूला सारून बसले. वरपक्षाचं कोणी मोठं माणूस रुसलं, अशी समजूत होऊन मुलीचे वडील हात जोडत धावले. मागोमाग दोन मामा रुसवा काढायला मानाचे टोपी-टॉवेल घेऊन आले. नानांनी टॉवेल घेतला, टोपी घातली, वरण-बट्टी आणि आमरस हाणला, पण भाजीला हात लावला नाही. मी तेवढा वेळ खांबामागे उभा होतो.

एक मात्र खरं. रोजची ताजी मेथी, गिलकी, पोकळा खायला लागल्यापासून माझी ॲसिडिटीची गोळी कधी सुटली ते मला कळलंच नाही. हे मी नानांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर जगणं मुश्कील करतील.

यंदाच्या मे महिन्यात मात्र नाना यायचेच बंद झाले. पहिले काही दिवस मी सुटलो म्हणून मटार आणले, फ्लॉवर आणला, फ्रिज गच्च भरला. पण गंमत वाटेना. रागवायला कोणी नसेल तर चोरून खाण्यात काय मजा? शेवटी एका संध्याकाळी स्कूटर काढली आणि त्यांच्या रानात गेलो.

बांधावरून पाहतो तर बांबूंवर नानांची सगळी धोतरं आडवी ताणलेली. त्यांच्या सावलीत वांग्याची रोपं, बुडाशी ओली गोणपाटं. आणि नाना स्वतः जावयाची लाल पट्ट्यांची ट्रॅकपँट घालून तांब्याने पाणी घालतायत. आमच्या खान्देशात भरताचं वांगं म्हणजे थंडीचं, हे शेंबडं पोरही सांगेल. मला इतका आनंद झाला की काय सांगू! इतक्या वर्षांचा हिशेब चुकता करायची वेळ आली होती. मी बांधावरूनच ओरडलो, "नाना, हाई कोणता महिनानं शे?"

नाना दचकले. तांब्या खाली ठेवला. वर बघेनात.

"कोणले सांगू नको, भाऊ," ते म्हणाले. "छाया ई राहिनी."

छाया येणार होती. ती सुरतेला शाळेत शिकवते. तिला सुट्टी दोनदाच, दिवाळीत आणि मे महिन्यात. दिवाळीत नानांच्या घरी वांगं चालत नाही, कारण चातुर्मासात सोडलेलं वांगं चंपाषष्ठीला देवाला दाखवल्याशिवाय ते तोंडात घालत नाहीत. आणि मे महिन्यात वांगं संपलेलं असतं. थंडीत नाना बसने वांगी पाठवतात, ती तिकडे गॅसवर भाजते. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजलेलं बापाच्या हातचं भरीत तिने लग्नानंतर एकदाही खाल्लं नव्हतं.

"देवना नियम मोडता येस नही," नाना म्हणाले. "हाऊ नियम मन्हा शे. तो मी मोडस." मग एकदम मान वर करून, "पण पावडर नही मारी, हां!"

मी बांधावरून खाली उतरलो. दुसरा तांब्या शोधला आणि पलीकडच्या ओळीला पाणी घालायला लागलो. पहिल्याच रोपावर पाय दिला, पण नानांनी या वेळी शिवी दिली नाही.

उन्हाने फुलं गळाली. राहिली ती वांगी लहान आणि निबर. छाया आली त्या संध्याकाळी नानांनी रानातच काड्या पेटवल्या, वांगी भाजली, ठेचली, हिरवी मिरची आणि लसणाची फोडणी दिली. कळण्याच्या भाकरीबरोबर पहिला घास मी खाल्ला आणि माझं तोंड वाकडं झालं. भरीत कडू होतं, नुसत्या बिया.

नाना लेकीकडे बघत होते. लग्नाच्या पंगतीत ताट सारणारा हा माणूस, मला त्यांच्याकडे बघवेना.

"कडू लागस का वं, बेटा?"

छायाने डोळे पुसले. धूर फार होता.

"नही नाना, गोड शे. आखो वाढा ना."

नानांनी तिला आणखी वाढलं. मग स्वतः एक घास घेतला, हळूहळू चावला आणि गिळला. भाजीच्या बाबतीत हा माणूस आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता.

"हा," नाना म्हणाले, "गोडच शे."

मीही ताट पुढे केलं.