खोली भरण्याचा वेग

ज्याने अन्याय सोसला, त्यालाच दुसऱ्यावरचा अन्याय कळतो. या बाबतीत बेळगावच्या सीमाभागातल्या, येळ्ळूरच्या पलीकडच्या एका गावाचा हात कोणी धरणार नाही. त्या गावाने भाषेपायी लाठ्या खाल्ल्या आणि शाळेला मराठीचा मास्तर हवा म्हणून तीन वर्षांत एकवीस निवेदनं दिली.

अखेर मास्तर मिळाला. रवळू सिद्दी, मराठीत एम. ए. सिद्दींच्या कित्येक पिढ्या खानापूरच्या जंगलात गेल्या. पूर्वज आफ्रिकेतून आणलेले, म्हणून केस कुरळे आणि रंग काळा. (दोन्ही गोष्टी फोनवर ऐकू येत नाहीत.) सोमवारच्या आत गावात बिऱ्हाड केलं नाही, तर नेमणूक रद्द होणार होती. मास्तर मुक्कामीच हवा, ही अट गावानेच निवेदनात घातलेली.

रवळूने बेळगावच्या बसस्टँडवरून सात घरी फोन केले. सातही खोल्या रिकाम्या होत्या. निवेदन समितीचे अध्यक्ष अप्पासाहेब तर गहिवरलेच. "खोली तुमचीच हाय म्हणा की! असलं मराठी आता ऐकाय मिळत न्हाय."

वीस मिनिटांत रवळू दारात.

"यू... विच कंट्री?" अप्पासाहेबांनी विचारलं.

"खानापूर तालुका, अण्णा. मघाशी फोन केलतो."

"त्ये व्हय..." अप्पासाहेबांनी एकदा आत पाहिलं. "खोली आत्ताच गेली बघा."

रवळूचा पायगुणच मोठा. दुपारपर्यंत पाच खोल्या भरल्या, सहावीत ऐनवेळी देव बसवायचं ठरलं, आणि सातव्या घरच्या जयाबाईंनी नकार देण्याआधी नातीसोबत त्याचा सेल्फी काढून घेतला. (वर चहाही दिला. त्याला नवाकोरा कागदी कप. स्वतः बिचाऱ्या रोजच्या स्टीलच्या पेल्यात प्यायल्या.) इतक्या झपाट्याने खोल्या बेळगावच्या कॅम्प भागातसुद्धा जात नाहीत. भाडेकरू मात्र एकही दिसला नाही.

रवळूला आधी राग आला, मग हसू आलं. परतीच्या बसमध्ये, आईला काय सांगायचं ते सुचेना, तेव्हा मात्र डोळे भरले.

मंगळवारी गावाने बाविसावं निवेदन दिलं: आम्हाला माणूस म्हणून वागवत नाहीत, मास्तर मुद्दाम पाठवत नाहीत. त्यात शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या. (मास्तर नव्हता ना!)

वाचकहो, तुम्ही असे नाही, हे उघडच आहे. रवळू आता दुसरीकडे नोकरी बघतोय, कदाचित तुमच्याच गावात. त्याचा फोन येईल, मराठी ऐकून तुम्हीही खूश व्हाल. त्याला पोचायला वीस मिनिटं लागतील. तेवढ्यात तुमची खोली भरू नये, एवढं बघा.